कवळी धुताना तिच्या सरफेसचं नेमकं काय होतं

रिपेअरला आलेली कवळी हातात घेऊन लाइटखाली जरा तिरकी धरली की ती घरी कशाने धुतली जाते हे बरंचसं कळतं, विचारावं लागत नाही. समोरच्या दातांच्या मुळापाशी बारीक आडवे चरे आणि दातांवरची नक्षी घासून सपाट झालेली, म्हणजे टूथपेस्ट आणि कडक ब्रश. गुलाबी भागावर सगळीकडे पांढुरकी झाक, म्हणजे उकळतं नाहीतर जवळपास उकळतं पाणी. रंग उडालेला, आतले लाल धागे फिके पडलेले पण हाताला मात्र गुळगुळीत, म्हणजे ब्लीच, आणि तेही रात्र रात्रभर. सोबत मेटलची क्लास्प (शेजारच्या खऱ्या दाताला धरून ठेवणारी आकडी) काळवंडलेली असेल तर मग खात्रीच. दातांच्या फटीत तपकिरी डाग असले तर क्लोरहेक्सिडिनचं, म्हणजे जंतुनाशक औषधाचं, माउथवॉश, बरेच महिने.

मी डेंटल लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही. कवळ्या बनवायच्या, तुटलेल्या जोडायच्या, पॉलिश करायच्या. त्यामुळे ओळखीतल्या आजी-आजोबांकडून (आणि जास्त करून त्यांच्या मुला-सुनांकडून) एक प्रश्न हमखास येतो, कवळीसाठी कुठली गोळी चांगली गं? आणि माझं उत्तर कुणालाच आवडत नाही, कारण मी उलट चार प्रश्न विचारते, कवळी कशाची आहे, पाणी किती गरम घेता, किती वेळ भिजवता आणि ब्रशवर काय लावता. माझं मत असं की भिजवायच्या सोल्युशनला लोक उगाच एवढं श्रेय पण देतात आणि एवढा दोष पण देतात. सरफेसची खरी वाट ब्रशवरचं पेस्ट आणि गॅसवरचं भांडं लावतं, पण त्यांच्यावर कुणी संशय घेत नाही.

आधी मटेरियल समजून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. नेहमीची गुलाबी कवळी अ‍ॅक्रिलिकची असते, पूर्ण नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, आम्ही पीएमएमए म्हणतो. १९३७ च्या सुमारास हे दातांच्या कामात आलं, त्याआधी साधारण १८५० च्या दशकापासून व्हल्कनाइट म्हणजे कडक केलेलं रबर वापरायचे, ते काळपट-लालसर दिसायचं आणि हिरडीच्या रंगाशी त्याचा काही संबंध नसायचा. अ‍ॅक्रिलिक आलं आणि गुलाबी हिरडी दिसायला लागली, तेव्हापासून आजपर्यंत तेच चालू आहे. पावडर आणि लिक्विड एकत्र करून लगदा करायचा, साच्यात भरायचा आणि गरम पाण्यात शिजवायचा, याला हीट क्युअर. साधारण ७४ अंशाला तास-दीड तास ठेवून मग १०० पर्यंत न्यायचं, नाहीतर ७४ लाच आठ-नऊ तास ठेवायचं. घाई करून एकदम उकळलं तर आतलं लिक्विड (मोनोमर) स्वतःच उकळायला लागतं, त्याचा उत्कलनबिंदू १०० च्या जरासाच वर आहे, आणि आत बुडबुडे अडकून बारीक भोकं राहतात. ही भोकं पुढे आयुष्यभर घाण धरून ठेवतात, तिथे कुठलीच गोळी नीट पोचत नाही.

दुसरा प्रकार कोल्ड क्युअर, म्हणजे खोलीच्या तापमानाला केमिकलने सेट होणारं, ते आम्ही रिपेअरला वापरतो. यात न जुळलेला मोनोमर जास्त उरतो, हीट क्युअरमध्ये साधारण ०.२ ते ०.५ टक्के तर यात ३ ते ५ टक्क्यांपर्यंत, आणि भोकंही जास्त. म्हणून जोडलेल्या कवळीत वर्षभराने जोडाची पट्टी वेगळी दिसायला लागते, आधी तीच मंद होते, आधी तीच डाग धरते. लोक म्हणतात रिपेअर नीट केलं नाही. कधी ते खरंही असतं, पण बऱ्याचदा एकाच भांड्यातल्या एकाच पाण्यात भिजून दोन वेगळी मटेरियल वेगळी वागत असतात एवढंच.

अजून दोन गोष्टी. एक म्हणजे अ‍ॅक्रिलिक पाणी पितं, वजनाच्या साधारण दोन टक्के, आणि पाणी प्यायल्यावर किंचित फुगतं, सुकलं की आकसतं. आम्ही कवळी नेहमी ओलीच ठेवायला सांगतो ते यासाठी. पण पाणी आत जातं म्हणजे पाण्यात जे विरघळलंय त्यातलंही काही सरफेसच्या आत पोचू शकतं, हे लक्षात ठेवायचं. दुसरं म्हणजे ते मऊ आहे. हातात घेतलं तर कडक वाटतं, पण नूप हार्डनेसमध्ये (कडकपणा मोजायची एक पट्टी) मोजलं तर अ‍ॅक्रिलिक जेमतेम २० च्या आसपास, आपल्या दाताचं इनॅमल साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे जे पेस्ट खऱ्या दाताला काही करत नाही तेच कवळीला खरवडून काढतं.

आता सरफेस म्हणजे काय ते. कवळीला दोन बाजू असतात आणि दोन्ही अगदी वेगळ्या असतात. बाहेरची बाजू, जी गाल आणि जिभेला लागते, ती आम्ही लेथवर, म्हणजे फिरणाऱ्या मशीनवर, प्युमिसची बारीक पावडर लावून, मग बफ लावून चकचकीत करतो. आतली बाजू, जी हिरडीवर आणि टाळूवर बसते, तिला आम्ही पॉलिश करत नाही, मुद्दाम करत नाही, कारण ती हिरडीच्या मापाची हुबेहूब छाप असते आणि घासली तर फिटिंग गेलं. म्हणजे ती बाजू पहिल्या दिवसापासूनच खडबडीत असते. आणि कॅन्डिडा नावाची बुरशी, जी वरच्या कवळीखाली टाळू लाल करते, ती नेमकी याच बाजूला घर करते. लोक मात्र बाहेरची बाजू घासतात, दिसते ना ती.

खडबडीतपणा मोजायला एक आकडा आहे, आरए म्हणतात, सरफेसचे उंचवटे आणि खड्डे सरासरी किती मायक्रॉनचे आहेत ते. यात ०.२ मायक्रॉन ही रेघ प्रसिद्ध आहे. त्याच्या खाली कितीही गुळगुळीत केलं तरी जंतू चिकटण्यात फारसा फरक पडत नाही, त्याच्या वर गेलं की प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, जास्त धरायला लागतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, म्हणजे आपण केसाच्या साडेतीनशेव्या हिश्श्याबद्दल बोलतोय. डोळ्याला हे दिसत नाही. जिभेला मात्र कळतं, अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचा फरक जीभ ओळखते, म्हणून पेशंट "काहीतरी खरखरीत लागतंय हो" म्हणतात तेव्हा मी त्यांचं ऐकते, माझ्या बोटापेक्षा त्यांची जीभ हुशार.

चांगलं पॉलिश केलेलं अ‍ॅक्रिलिक ०.२ च्या आरामात खाली बसतं. तर प्रश्न असा की रोजच्या धुण्याने ते या रेघेच्या वर जातं का, आणि गेलं तर कशामुळे.

पेस्टपासूनच सुरू करते कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच आहे. टूथपेस्टमध्ये घासायचे कण असतात, कॅल्शियम कार्बोनेट, सिलिका, कशात अ‍ॅल्युमिना, आणि "व्हाइटनिंग" वाल्यात तर हे कण अजून जोरदार असू शकतात. ब्रश स्वतः फार काही करत नाही, मऊ ब्रश आणि साधं पाणी यांनी अ‍ॅक्रिलिक फारसं झिजत नाही, पण ब्रशच्या केसांमध्ये हे कण अडकले की प्रत्येक फेरीला ते कवळीवर ओढले जातात आणि चरा पडतो. चरा पडला की तो भरून येत नाही. आपल्या हिरडीला ओरखडा आला तर दोन-चार दिवसांत नवीन कातडी येते, अ‍ॅक्रिलिकला ती सोय नाही, त्यामुळे नुकसान साठत जातं, साठतच जातं. आणि मग गंमत बघा, चऱ्यात डाग धरतात, डाग दिसले म्हणून माणूस अजून जोरात घासतो, त्याने चरे वाढतात, त्यात अजून डाग धरतात. जी कवळी सगळ्यात मन लावून घासली जाते तीच बऱ्याचदा सगळ्यात कळकट दिसते. खायचा सोडा ओलसर करून त्याने घासणारे पण खूप आहेत, तो पेस्टपेक्षा मऊ आहे हे कबूल, पण सुका दाबून घासला तर तोही ओरखडतो, म्हणून मी त्याची शिफारस करत नाही. भांड्याची पावडर वापरणारेही भेटलेत, त्यावर मी काय बोलू.

घासायचंच असेल तर मऊ ब्रश आणि सौम्य लिक्विड साबण, झालं. साबणाने सरफेसला काही होत नाही आणि चिकट थर बऱ्यापैकी निघतो. आणि घासायचं आतून, हे परत सांगते.

आता फेसाच्या गोळ्या. यांचं काम कसं चालतं ते एकदा समजलं की त्यांचे फायदे-तोटे आपोआप कळतात. गोळीत एका बाजूला सोडियम परबोरेट किंवा परकार्बोनेट असतं, पाण्यात पडलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि ऑक्सिजन सुटतो. दुसऱ्या बाजूला बायकार्बोनेट आणि सायट्रिक अ‍ॅसिड, त्यांच्यामुळे तो फेस. बऱ्याच गोळ्यांमध्ये पोटॅशियमचं परसल्फेट नाहीतर मोनोपरसल्फेट असतं, काहींमध्ये प्रथिनं तोडणारे एन्झाइम असतात, थोडा साबण, थोडा रंग, थोडा पुदिन्याचा वास. फेस मुख्यतः सैल झालेला कचरा हलवतो, जुना घट्ट बसलेला थर किंवा कीटण (कॅल्शियमचा दगडासारखा थर) फेसाने निघत नाही, गोळी टाकून सगळं झालं असं समजू नका. निळं पाणी पांढरं झालं म्हणजे कवळी स्वच्छ झाली असंही नाही, तो रंग ऑक्सिडायझरने उडतो, कवळी भांड्यात नसली तरी उडेल.

सरफेसवर काय परिणाम, तर लॅबमध्ये अ‍ॅक्रिलिकचे तुकडे असल्या सोल्युशनमध्ये महिन्यांच्या हिशोबाने बुडवून मोजणारे भरपूर अभ्यास झालेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. काहींमध्ये आरए थोडा वाढतो, काहींमध्ये काहीच फरक नाही, हार्डनेस जरासा कमी झाल्याचंही काहींमध्ये दिसतं. मोठा विध्वंस मात्र सहसा दिसत नाही, हीट क्युअर अ‍ॅक्रिलिक असेल आणि कोमट पाणी असेल तर. निष्कर्ष न जुळण्याची कारणंही साधी आहेत. एकाने तुकडा आरशासारखा पॉलिश केलेला असतो, दुसऱ्याने नुसता सँडपेपर मारलेला. एक जण साध्या पाण्यात ठेवलेल्या तुकड्याशी तुलना करतो, एक जण कोरड्याशी. शिवाय तुकडा सपाट असतो, त्याला लाळ लागलेली नसते, कुणी तो तोंडात घालून चावलेला नसतो. आणि मोजणीचं मशीन, प्रोफाइलोमीटर, त्यात हिऱ्याचं बारीक टोक सरफेसवरून ओढतात, त्या टोकाचीच त्रिज्या दोन ते पाच मायक्रॉन असते, म्हणजे त्याहून अरुंद भेगेत ते टोक उतरतच नाही, वरून निघून जातं. त्यात आरए ही सरासरी, एक खोल चर आणि शंभर उथळ चर यांचा आकडा सारखा येऊ शकतो, पण बुरशीला ते सारखे नसतात. कॅन्डिडाची एक पेशी चार-सहा मायक्रॉनची, तिला तिच्या मापाचा खड्डा मिळाला की ब्रशचा केस तिथे पोचत नाही. म्हणून मी नुसत्या आरएच्या आकड्यावर कुठल्या गोळीला पास-नापास करत नाही, सोबत मायक्रोस्कोपचा फोटो असला तर जास्त विश्वास बसतो.

गोळ्यांच्या बाबतीत खरा घोळ पाण्याचा आहे. पाकिटावर कोमट लिहिलेलं असतं, लोक जंतू मरावेत म्हणून कडकडीत घेतात. पांढुरकी झालेली कवळी आली की लोक गोळीला शिव्या घालतात, पण त्यात मुख्य हात गरम पाण्याचा असतो. गरम पाण्यात अ‍ॅक्रिलिकच्या साखळ्या सैल होतात, पाणी नेहमीपेक्षा जास्त आत शिरतं, आणि सरफेसजवळ अशा बारीक बारीक जागा तयार होतात की प्रकाश सरळ न जाता विखुरतो, म्हणून पांढरं दिसतं. तो रंग उडालेला नसतो, सरफेसची रचनाच बदललेली असते, त्यामुळे पॉलिश करून वरचा थर काढला तर कधी सुधारतं, खोल गेलं असेल तर नाही. आणि तसल्या पाण्यात कवळी वाकते ती वेगळीच. शिजवताना साच्यात दाबून बसवलेलं असतं ना, तो ताण आतमध्ये तसाच असतो, गरम झाली की तो मोकळा होतो आणि कवळी थोडीशी उघडते नाहीतर पिळते. मग ती बसत नाही, मग लोक चिकटवायचं पेस्ट जास्त लावतात, मग ते पेस्ट निघावं म्हणून अजून गरम पाणी. थांबवा हे!

एक आरोग्याची गोष्ट इथेच सांगते, सरफेसशी संबंध नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. परसल्फेटची काही लोकांना अ‍ॅलर्जी असते, अमेरिकेच्या एफडीएने २००८ मध्ये याबद्दल इशारा दिला होता आणि कंपन्यांना लेबल बदलायला सांगितलं होतं. हिरडी दुखणं, पुरळ, श्वास लागणं असं काही दिसलं तर गोळी बंद करून डॉक्टरांना दाखवा. आणि भिजवून झाल्यावर कवळी वाहत्या पाण्याखाली नीट खळखळून धुवायचीच, तशीच तोंडात नाही घालायची. विसरभोळेपणाचा आजार असलेल्या माणसाच्या उशाशी त्या पाण्याचा ग्लास ठेवू नका, पिण्याचं पाणी समजून पिऊन टाकतात.

ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. जंतू मारण्यात आणि तो चिकट सेंद्रिय थर विरघळवण्यात हे गोळ्यांपेक्षा सरस आहे, मला विचाराल तर बुरशीच्या बाबतीत फारच सरस. थर नुसता मारत नाही तर सोडवून काढतं, म्हणजे मेलेल्या जंतूंचा सांगाडा पण सरफेसवर राहत नाही, आणि तो राहिला तर नवीन जंतूंना त्यावर बसायला सोपं जातं. अ‍ॅक्रिलिकचा खडबडीतपणा पातळ ब्लीचने कमी वेळात फारसा वाढत नाही. मग अडचण कुठे, तर रंगात आणि मेटलमध्ये. गुलाबी रंग आणि ते लाल धागे (रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून घातलेले असतात) हळूहळू फिके पडतात. काही कवळ्यांना कोबाल्ट-क्रोम या मेटलची फ्रेम असते, तिच्यावर क्लोराइडमुळे बारीक खड्डे पडतात, काळं पडतं, आणि क्लास्प तशीही पातळ आणि सतत वाकणारी असते, तिथे खड्डा पडणं म्हणजे पुढे तिथेच तुटणं. अमेरिकेतल्या प्रोस्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने २०११ मध्ये कवळीच्या काळजीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात हायपोक्लोराइटमध्ये १० मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका असं स्पष्ट आहे. घरगुती ब्लीच साधारण ५ टक्क्यांचं असतं, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी घेतलं की अर्धा टक्का होतं. तेवढ्यात दहा मिनिटं, मग भरपूर पाण्याने धुणं, तेही मेटल नसेल तरच आणि रोज नाही. आणि वास घालवायला म्हणून ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही, कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो, तो विषारी आहे. आधी ब्लीच आणि मग न धुताच क्लोरहेक्सिडिन हे पण नको, दोन्ही भेटले की नारिंगी-तपकिरी गाळ पडतो, तो कवळीवर बसला की बघायला नको.

व्हिनेगर एकटं वापरलं तर ठीक, कीटण सैल करायला पातळ करून उपयोगी पडतं, अ‍ॅसिड असल्यामुळे कॅल्शियम विरघळवतं. अ‍ॅक्रिलिकला फार त्रास नाही, मेटलला आहे. क्लोरहेक्सिडिन बुरशीवर चांगलं पण डाग पाडतं, डॉक्टरांनी सांगितलेत तेवढेच दिवस.

अल्कोहोलबद्दल मात्र लोकांना काहीच माहिती नसते आणि मला ते सगळ्यात लपून बसलेलं नुकसान वाटतं. सॅनिटायझर, स्पिरिट, अल्कोहोलवालं माउथवॉश, हे सगळं "जंतुनाशक" म्हणून कवळीवर ओतलं जातं. अ‍ॅक्रिलिकमध्ये जिथे ताण असतो, दाताच्या मुळाशी, क्लास्पच्या कडेला, जुन्या जोडाजवळ, तिथे अल्कोहोल लागलं की अतिशय बारीक तडे येतात, क्रेझिंग म्हणतात त्याला. उघड्या डोळ्यांना कधी फक्त धुकं दिसतं, कधी तेही नाही. पण तडा तो तडा, त्यात जंतू तर बसतातच, वर कवळी एखाद्या दिवशी बेसिनमध्ये पडली की तिथूनच फाटते. नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे अ‍ॅसिटोन, ते तर अ‍ॅक्रिलिक सरळ विरघळवतं, कवळीवर काहीतरी चिकटलंय म्हणून ते लावू नका.

हे सगळं झालं नेहमीच्या अ‍ॅक्रिलिकचं. कवळी दुसऱ्या कशाची असेल तर नियम बदलतात आणि इथेच गडबड होते, कारण घरात आजीची एक आणि आजोबांची दुसरी असते पण भांडं आणि गोळी एकच.

आतून मऊ अस्तर लावलेलं असेल तर जपून. टिश्यू कंडिशनर म्हणून जे तात्पुरतं लावतात त्यात प्लास्टिसायझर (मऊपणा देणारं केमिकल) आणि अल्कोहोल असतं, ते तसंही हळूहळू पाण्यात आणि लाळेत निघून जातं आणि अस्तर कडक होत जातं. त्यावर फेसाच्या गोळ्या टाकल्या की सरफेसवर बुडबुडे, भोकं आणि खरखरीतपणा येतो, जाळीदार होतो अगदी. त्याला ब्रशही नको, वाहत्या पाण्याखाली साबण आणि कापसाने हलक्या हाताने पुसायचं. सिलिकॉनचं अस्तर जास्त टिकतं पण ब्रशने कडा सुटते, आणि एकदा कडा सुटली की त्या फटीतली घाण काढायला माझ्याकडेही काही जादू नाही, अस्तर बदलायचं.

नायलॉनची लवचीक कवळी, ती आधीच पॉलिश करायला अवघड, लेथवर धरली की कापली जाण्याऐवजी धागे सुटतात, त्यामुळे अ‍ॅक्रिलिकइतका गुळगुळीतपणा तिला येतच नाही. म्हणजे ती सुरुवातच वरच्या आकड्यावरून करते. त्यावर ब्लीच नको आणि कडक ब्रश नको. रंग पण ती लवकर धरते. दिसायला सुंदर, घालायला हलकी, सगळं मान्य, पण धुण्याच्या बाबतीत मी तिला अवघड म्हणेन.

आणि आता कॉम्प्युटरवर डिझाइन केलेल्या कवळ्या येतात. यात दोन जाती आहेत आणि लोक दोन्हींना "डिजिटल" म्हणून एकच समजतात. एक मिल केलेली, म्हणजे कारखान्यात प्रचंड दाबाखाली घट्ट झालेल्या अ‍ॅक्रिलिकच्या चकतीतून कोरून काढलेली, त्यात भोकं जवळपास नसतात आणि उरलेला मोनोमर कमी, ती सोल्युशनला चांगली तोंड देते. दुसरी थ्रीडी प्रिंट केलेली, ती थरावर थर रचून होते, एक थर साधारण ५० ते १०० मायक्रॉनचा, आता तो आकडा ०.२ शेजारी ठेवून बघा. थरांच्या पायऱ्या बाहेरून पॉलिशने जातात, आतून कोण पॉलिश करणार? शिवाय प्रिंट झाल्यावर ती नीट धुवून प्रकाशात पुरेशी क्युअर केली नाही तर सरफेस मऊ राहतो आणि पाणी जास्त पितो. म्हणून लॅबने दिलेली धुण्याची सूचना या कवळीसाठी तरी फेकून देऊ नका.

मग मी घरच्यांना काय सांगते? रात्री कवळी काढायची, हे पहिलं. जपानमध्ये ८५ वर्षं आणि त्यापुढच्या ५२४ लोकांवर झालेल्या, २०१५ मध्ये छापलेल्या अभ्यासात कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त दिसला होता, त्यामुळे हा काही नुसता सरफेसचा प्रश्न नाही. काढली की साबण, मऊ ब्रश, आतून आधी. बेसिनमध्ये थोडं पाणी नाहीतर टॉवेल ठेवून, हातातून सुटतेच. मग कोमट पाण्यात गोळी, पाकिटावर लिहिलंय तेवढाच वेळ, मग धुवून रात्रभर साध्या पाण्यात. जास्त वेळ ठेवलं म्हणजे जास्त स्वच्छ असं नसतं, गोळीतला ऑक्सिजन थोड्या वेळात संपतो, नंतर ती नुसती क्षारांच्या पाण्यात पडलेली असते. टाळू लाल झाला असेल तर गोळी बदलत बसू नका, डेंटिस्टकडे जा, बुरशीचं औषध लागतं आणि कधी कवळीचंच अस्तर बदलावं लागतं.

चरे पडलेली कवळी परत पॉलिश करता येते, बाहेरून तरी, आणि त्याला फार वेळ लागत नाही, वर्षातून एकदा तपासणीला गेलात की तेव्हाच सांगा. घरी सँडपेपर किंवा नेल फाइल लावू नका, त्याने पडलेला खोल चरा घालवायला मला दुप्पट मटेरियल काढावं लागतं आणि कवळी पातळ होते. आतून खराब असेल तर पॉलिश नाही, रिलाइन, म्हणजे आतला थर नव्याने भरायचा. आणि रिपेअरला देताना कवळी घरी कशात भिजवता ते डॉक्टरांना खरं खरं सांगा, स्पिरिट असो नाहीतर ब्लीच, आम्ही रागावत नाही. स्पिरिटने बारीक तडे आलेल्या जागी रिपेअरचा मोनोमर लावला की तेच तडे अजून पसरतात, आधी माहीत असलं तर आम्ही तो भाग पूर्ण कापून नवीन भरतो.